कोड नाही, म्हणजे दोष नाही?

तर झालं असं, की २०२५ च्या जूनमध्ये आमच्या आईची गाडी पीयूसीत नापास झाली. आई निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मभर दुसऱ्यांना पास-नापास करणाऱ्या बाईला पेट्रोल पंपावरचा मिसरूड फुटलेला पोरगा म्हणाला, "काकू, फेल आहे." ती घरी आली, किल्ली टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "बघ रे जरा."

गाडी म्हणजे छोटी लाल हॅचबॅक, ऑगस्ट २००५ ची. आई तेव्हा पन्नाशीची होती. त्याआधी घरात बाबांची फियाट होती, आणि तिच्या स्टिअरिंगला आईचा हात कधी लागलेला मला आठवत नाही. ह्या गाडीवर ती शिकली. दोनदा गेटच्या खांबाला घासली, एकदा कात्रजच्या घाटात रडली, आणि मग वीस वर्षं चालवली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती २०२० मध्ये संपली. पाच वर्षांचं नूतनीकरण केलं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये संपणार होतं. पुढच्या पाच वर्षांसाठी आरटीओत फिटनेस, आणि त्यासाठी चालू पीयूसी हवं. ते नाही तर गाडी भंगारात.

खोटं कशाला सांगू, मला मनातून वाटलं होतं, बरं झालं. सत्तर वर्षांची बाई, पुण्याची रहदारी, फोनवर बोट ठेवलं की टॅक्सी येते. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर आई म्हणाली, "टॅक्सी येते रे. पण कुठं चाललात काकू, कशाला चाललात, हे रोज कुणाला तरी सांगायला नको वाटतं." मग मी गप्प बसलो आणि पीयूसीची पावती नीट वाचली.

बीएस-३ च्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे. आमचा आकडा होता २.१. म्हणजे चारपट. अर्थ सरळ आहे : इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल फार जास्त जातंय. मग आईला विचारल्यावर एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. अॅव्हरेज पंधरावरून नऊवर आलं होतं ("मला वाटलं पंपवाला मारतो"). सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू व्हायची, पण मंडईतून दहा मिनिटांत भाजी घेऊन आलं की सुरू व्हायला नखरे. आणि मागे उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास. हे सगळं सहा महिने चाललं होतं. आई बोलली नाही, कारण बोललं की मी टॅक्सीचा विषय काढतो!

आता आमचे मेकॅनिक. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. हात सोन्याचा. बॉनेटवर कान ठेवून व्हॉल्व्हचा आवाज सांगतील. त्यांनी काय केलं? स्कॅनर लावला. आमच्या गाडीशी तो स्कॅनर फारसं बोलत नाही, कोड तेवढे वाचतो. (भारतात ओबीडीची दुसरी पायरी सक्तीची झाली २०१३ मध्ये. त्याआधीच्या गाड्या आपापल्या बोलीत बोलतात.) कोड एकही नव्हता. मामा म्हणाले, "कॉम्प्युटर क्लीन आहे. तरी टेम्परेचर सेन्सर बदलून बघू, साडेसहाशेचा आहे." बदलला. मीटर लावून वायरीत पाच व्होल्ट येतायत हेही बघितलं. फरक शून्य. मग ऑक्सिजन सेन्सरची गोष्ट निघाली, तीन हजार आठशे. आणि तरी नाही जमलं तर ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. जुन्या बाजारातला, चौदा हजार, गॅरंटी नाही. वीस वर्षांच्या गाडीवर वीस हजार! म्हणजे भंगार, फक्त सभ्य भाषेत.

ह्या ठिकाणी मला थांबावंसं वाटलं. कारण हीच चूक मी ऑफिसात शंभरदा बघितली आहे आणि पन्नासदा केली आहे. लॉगमध्ये एरर नाही, म्हणजे सर्व्हर ठीक. सर्व्हर ठीक, म्हणजे दुसरं काहीतरी बदला. "कळत नाही" हे वाक्य कुणीच उच्चारत नाही.

थोडं त्या सेन्सरबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबांच्या फियाटला चोक होता. थंडीत सकाळी दट्ट्या ओढायचा, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि गार इंजिन धरतं. पाच मिनिटांनी आत ढकलायचा. विसरलात तर गाडी धूर ओकायची आणि बाबा शिव्या द्यायचे. इंजेक्शनच्या गाडीला चोक नाही, पण चोक ओढणारा हात आहे, तो ईसीएमचा. इंजिन गार आहे की गरम हे त्या हाताला सांगतो कूलंट टेम्परेचर सेन्सर. पितळेचा, अंगठ्याएवढा, थर्मोस्टॅटच्या आसपास पाण्यात तोंड बुडवून बसलेला. त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो. बहुतेक जपानी आणि जर्मन पद्धतीच्या सेन्सरचा रोध २० अंशाला दोन ते तीन हजार ओहम, आणि ८० अंशाला दोनशे ते चारशे. ईसीएम त्याला पाच व्होल्टमधून एका ठरलेल्या रेझिस्टरमार्फत वीज देतो आणि मधल्या जागी किती व्होल्ट राहिले ते वाचतो. इंजिन गार तर व्होल्ट जास्त, गरम तर कमी. बास, एवढंच यंत्र. ह्यात बिघडण्यासारखं फार काही नाही, आणि म्हणूनच ह्याच्याकडे कुणी नीट बघत नाही.

आता कोड कधी येतो ते बघा. वायर तुटली तर ईसीएमला पूर्ण पाच व्होल्ट दिसतात, म्हणजे त्याच्या हिशेबानं इंजिन उणे चाळीस अंशावर. हे पुण्यात शक्य नाही (सायबेरियातही रोज नाही), तेव्हा कोड पडतो. शॉर्ट झालं तर शून्य व्होल्ट, म्हणजे इंजिन वितळायला आलंय, तेव्हाही कोड पडतो. नव्या भाषेत पी-०११८ आणि पी-०११७. पण ह्या दोन टोकांच्या मध्ये जे काही येतं ते जुन्या ईसीएमला मान्य असतं. इंजिन ९० अंशावर आहे आणि सेन्सर ४० सांगतोय? चाळीस ही अगदी सभ्य संख्या आहे. नव्या गाड्या "इतका वेळ चाललीस, तरी गरम कशी नाही झालीस?" असा प्रश्न विचारतात. २००५ ची आमची गाडी विचारत नव्हती.

म्हणजे कोड नाही ह्याचा अर्थ एवढाच, की मिळालेली संख्या चौकटीत बसते. ती खरी आहे का, हे कुणी तपासलेलंच नाही. पुरवठा साखळीचं सॉफ्टवेअर लिहिताना आम्ही "वय : ० ते १२०" अशी अट घालतो आणि समजतो की वय बरोबर आलं. तसंच हे.

मग एका रविवारी मी कामाला लागलो. साहित्य : साडेतीनशे रुपयांचा डिजिटल मीटर, शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसला काचेचा थर्मामीटर, आणि स्वयंपाकघर.

पहिली चूक लगेच केली. बॉनेट उघडल्यावर जो सेन्सर दिसला त्याला मीटर लावला. आकडे काहीच्या काही. पंधरा मिनिटं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की ह्या वयाच्या पुष्कळ गाड्यांत दोन सेन्सर असतात. एका वायरीचा असतो तो डॅशबोर्डच्या काट्यासाठी, आणि दोन वायरींचा असतो तो ईसीएमसाठी. काही गाड्यांत पंख्याचा स्विच तिसराच. आई म्हणत होती, "काटा तर मध्यावर असतो रे, गरम होत नाही." खरंच होतं ते. काटा मध्यावर होता आणि ईसीएमला त्याचा पत्ताही नव्हता. दोघांचे बातमीदार वेगळे. (आमच्या गाडीत पंख्याचा स्विचही स्वतंत्र आहे, म्हणून इंजिन वाचलं. जिथं पंखा ईसीएमच्या हुकमावर चालतो, तिथं असा खोटा गार आकडा गेला तर सिग्नलला उभ्या उभ्या गाडी उकळेल.)

मग योग्य सेन्सर काढला, रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीतून. हे ठळकपणे सांगतो : गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण किंवा सेन्सर उघडायला जाऊ नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि चेहऱ्यावर येतं. मामांनी काढलेला जुना सेन्सर त्यांच्या डब्यात पडला होता, तोही मागून आणला. दोन्ही दोऱ्यानं बांधून पाण्यात असे लटकवले की तळाला टेकणार नाहीत आणि थर्मामीटर शेजारी राहील. आई बघत होती. तिनं विचारलं, "ह्यात परत चहा करणार आहेस का?" नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, म्हणून जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं आणि नंतर ते गॅरेजला देऊन टाकलं.

बर्फाच्या पाण्यात ५.८ किलोओहम. नळाचं पाणी, २५ अंश, २.०५. मग गॅस बारीक ठेवून दर दहा अंशाला आकडा लिहीत गेलो. ५० अंशाला ८३० ओहम, ८० ला ३२०, ९० ला २४५, आणि उकळत्या पाण्यात साधारण १९५. इथे एक गंमत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथं पाणी शंभरला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. माझा थर्मामीटर ९८ दाखवत होता आणि मी आधी त्यालाच खोटा ठरवला होता.

ग्राफपेपरवर बिंदू मांडले, छान उतरती वळणदार रेघ आली. दुसऱ्या सेन्सरचे बिंदू तिच्यावरच बसले. नवा ठीक. जुनाही ठीक. म्हणजे साडेसहाशे रुपये देऊन आम्ही एक चांगला सेन्सर काढला आणि दुसरा चांगला सेन्सर बसवला.

आता तुम्ही म्हणाल, साडेसहाशेची वस्तू, त्यासाठी रविवार घालवायचा? बदलली आणि विषय संपवला, काय बिघडलं? बिघडलं ते असं : सेन्सर नवा बसल्याबरोबर तो संशयितांच्या यादीतून बाद झाला. मामांच्या मनात, माझ्याही मनात. "टेम्परेचरचं बघून झालं." खरं तर बघितलं काहीच नव्हतं, बदललं होतं. आणि तिथून संशय थेट चौदा हजारांच्या ईसीएमवर गेला. स्वस्त वस्तू न तपासता बदलण्याचा खर्च तिच्या किमतीएवढा कधीच नसतो.

सेन्सर परत बसवला आणि वायरींकडे वळलो. कनेक्टर काढून मोजलं, मामांसारखंच. पाच व्होल्ट, अगदी ४.९८. सगळं छान. मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जाऊन रुपया-रुपयाचे चार रेझिस्टर आणले. २७० ओहमचा रेझिस्टर सेन्सरच्या जागी कनेक्टरमध्ये खोचला, म्हणजे ईसीएमला वाटायला हवं की इंजिन ८५ अंशाच्या आसपास आहे. (आमच्याकडे ह्याला मॉक म्हणतात. खरा भाग काढून पढवलेला साक्षीदार उभा करायचा.) गरम इंजिनावर हे केलं तर आयडलिंग खाली यायला हवं होतं. आलं नाही. तोच चढा आवाज, तोच वास. म्हणजे साक्षीदार कुणीही उभा करा, न्यायाधीशापर्यंत जाताना जबानी बदलत होती.

मग कनेक्टर जोडलेला ठेवून, इंजिन पूर्ण गरम करून, आयडलिंगवर, मागच्या बाजूनं टाचणी घालून व्होल्ट मोजले. सेन्सरच्या दोन टोकांमध्ये ०.३६ व्होल्ट. ठीक. सिग्नलची वायर आणि बॅटरीचं ऋण टोक ह्यांच्यामध्ये १.७१. अरे! आणि सेन्सरची जमिनीची वायर ते बॅटरीचं ऋण टोक? इथं जवळपास शून्य हवं. मीटर दाखवत होता १.३५.

म्हणजे जमिनीच्या वायरीत कुठंतरी अडथळा होता. किती? सेन्सरचा रोध त्या तापमानाला २४५ ओहमच्या आसपास, त्यावर ०.३६ व्होल्ट, म्हणजे प्रवाह साधारण दीड मिलिअँपिअर. तोच प्रवाह अडथळ्यातून जाऊन १.३५ व्होल्ट खातोय, म्हणजे अडथळा सुमारे ९०० ओहमचा. ईसीएमला दिसणारा एकूण रोध २४५ अधिक ९००. माझ्या ग्राफपेपरवर बघितलं, ११४५ ओहम म्हणजे जेमतेम ४१ अंश. नव्वद अंशावरचं इंजिन, आणि ईसीएम समजतोय की सकाळची न्याहारी चाललीय. गाडी सहा महिने चोक ओढूनच चालत होती. आणि इंजिन पुरेसं तापलंय असं वाटेपर्यंत बरेचसे ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाहीत. त्यामुळे ते तीन हजार आठशेही पाण्यातच गेले असते.

मला ह्यातल्या दोन गोष्टी फार आवडल्या. पहिली : तोच ९०० ओहमचा अडथळा गार इंजिनावर जवळजवळ दिसत नाही. २५ अंशाला सेन्सर २०५० ओहमचा, त्यात ९०० मिळवले तर २९५०, म्हणजे ईसीएमला २५ ऐवजी १६ अंश वाटतात. नऊ अंशांची चूक, कुणाला कळणार? तीच चूक इंजिन तापल्यावर पन्नास अंशांची होते. म्हणून गाडी सकाळी शहाण्यासारखी सुरू व्हायची आणि मंडईत रुसायची. आई सहा महिने हेच सांगत होती, आपल्या शब्दांत.

दुसरी : मामांची पाच व्होल्टची तपासणी खोटी नव्हती. पण कनेक्टर काढलेला असताना वायरीतून प्रवाहच वाहत नाही, आणि प्रवाह नसला तर ९०० ओहमवर एक मिलिव्होल्टसुद्धा पडत नाही. डिजिटल मीटर इतका कमी प्रवाह घेतो की गंजक्या वायरीतूनही तो पाच व्होल्टच दाखवेल. काम बंद ठेवून तपासलं तर सगळे कामसू दिसतात. माझ्या टीममध्ये "माझ्या मशीनवर चालतं" म्हणणाऱ्यांना मी हे सांगितलं, ते हसले, परत तेच करतील.

मीटर घेऊन मामांकडे गेलो. थोडी धाकधूक होती, हा कॉम्प्युटरवाला मला शिकवायला आला असं वाटेल म्हणून. मामांनी १.३५ चा आकडा बघितला, काही बोलले नाहीत, कनेक्टरमागचं रबरी टोपण नखानं मागे सारलं आणि वायरीला हलकेच ओढ दिली. हिरवी भुकटी पडली आणि तांब्याच्या दोन-तीन तारा हातात आल्या. "हा बघा," म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी वरचा होजपाइप फुटला होता ना काकूंचा? कूलंट इथं मुरलं." तारीखवार आठवण! ते मला मीटरनं कधी सांगितलं नसतं. मीटरनं कुठं ते सांगितलं, मामांच्या बोटांनी काय ते. खराब टोक कापून, नवं टर्मिनल दाबून, वर रबर चढवायला त्यांना दहा मिनिटं लागली.

नंतर चहा पिताना मी जरा शहाणपणा केलाच. म्हटलं, मामा, बदलण्याआधी मोजायला काय हरकत होती? मामा म्हणाले, "सर, मोजायला येतं मला. पण पाऊण तास मीटर घेऊन बसलो आणि सांगितलं, सेन्सर चांगला आहे. काकू किती देणार मला?"

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांच्याशी दीडशे रुपये मजुरीवरून घासाघीस केली होती, "काय मामा, नुसतं तर बघितलंत." आणि त्याच आठवड्यात मी एका परदेशी ग्राहकाला सोळा तासांचं बिल लावलं होतं. काम काय, तर तपास. शेवटी निष्कर्ष असा की आमच्या बाजूनं काही बदलायची गरज नाही. त्यांनी पैसे दिले, वर आभार मानले. माझ्या "नुसतं बघण्या"ला डॉलर मिळतात आणि मामांच्या बघण्याला फुकट चहा.

म्हणून हल्ली "मेकॅनिक लुटतात, नुसते पार्ट बदलतात" असं कुणी म्हणालं की मी मान डोलवत नाही. काही लुटतात, नक्कीच. पण आपण बिलात वस्तू शोधतो. खोक्यातून निघालेला पार्ट दिसला की पैसे सार्थकी लागले असं वाटतं, आणि डोकं वापरून काहीच बदललं नाही तर फसवल्यासारखं वाटतं. मग गॅरेजवाला तेच विकणार जे आपण विकत घेतो. आमच्या बाबतीत फरक होता चौदा हजारांचा आणि एका चांगल्या गाडीच्या मरणाचा. आणि खरं सांगायचं तर गाडीचाही नाही, आईच्या मंडईत एकटीनं जाण्याचा.

माझ्या मोजण्याचाही फार डौल नको. कूलंट कमी असेल आणि सेन्सर हवेच्या फुग्यात असेल, तर सेन्सर चांगला असूनही खोटं बोलेल. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन खरंच गार राहील, आणि सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असेल. ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांना तर पातेलंही नको. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी ब्लूटूथच्या डोंगलवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही बाहेरच्या हवेएवढी, एकमेकांच्या जवळ हवीत. मग गाडी तापेपर्यंत कूलंटचा आकडा न अडखळता चढतो का बघा. दोन मिनिटांचं काम आहे. पण आमच्या गाडीचा अडथळा ह्या पहिल्या परीक्षेत नऊ अंशांनी निसटला असता कदाचित, म्हणून गरम झाल्यावरचा आकडाही बघाच.

असो. दुसऱ्या दिवशी पीयूसी : कार्बन मोनॉक्साइड ०.१८. तोच पोरगा म्हणाला, "काकू, पास." आईनं त्याला शाबासकी दिल्यासारखी मान हलवली. ऑगस्टमध्ये आरटीओचं झालं, आता २०३० पर्यंत निश्चिंती. पहिल्या टाकीला अॅव्हरेज साडेचौदा आलं. पंपवाल्यावर घेतलेला संशय आईनं अजून मागे घेतलेला नाही.

मामांना मी त्या तपासाचे म्हणून पाचशे रुपये द्यायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत, "मोजलं तर तुम्ही." मग माझा ग्राफपेपर मागून घेतला आणि गॅरेजच्या भिंतीवर, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला. आता ते टेम्परेचर सर्किट तपासायचे दोनशे रुपये घेतात. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं म्हणे, "काही बदललंच नाही, मग दोनशे कसले?"